दोन बोटांवर

खोका आला तेव्हा वाटलं, फ्रीज आला.
उघडला तर आत लाकूड,
तेही असं की उचलायला जावं आणि हात फसावा.
बाल्सा म्हणे.
फळी कसली, पापड.

ह्यांनी एकतीस वर्षं कुपवाडला लेथवर लोखंड कातलं,
उडालेल्या किसाचे डाग आहेत दंडावर.
फंडाचे पैसे आले, एफडी केली,
उरले त्याचं हे.
दोन वर्षं थर्मोकोलची विमानं गच्चीवरून पाडून झाली होती,
आता मोठं.
मी काही बोलले नाही.
त्या आठवड्यात भाकऱ्या जरा जोरात थापल्या, इतकंच.

आतल्या खोलीचं दार बिजागरीतून काढून
चार स्टुलांवर आडवं टाकलं. ते टेबल.
त्यावर नकाशा, नकाशावर मेणकागद,
मेणकागदावर टाचण्या
माझ्या शिलाईच्या डब्यातल्या, न विचारता.
बरगड्या एकेक उभ्या राहिल्या. बावीस.
इतक्या उघड्या बरगड्या मी फक्त
मिरजेच्या टांग्याच्या घोड्याच्या बघितल्यात.

गोंद असा की थेंब पडला, बोट बोटाला.
दोनदा मी सोडवलं ह्यांना,
लेकीच्या राहून गेलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरनं.

फिल्म इस्त्रीनं लावायची.
ह्यांच्या सुरकुत्या जाईनात.
म्हटलं, सरका.
एकतीस वर्षं कडक इस्त्रीची पँट घालून गेले
आणि संध्याकाळी तेलात बुडवून आणली.
इथे निदान दिसेल तरी हात कुणाचा.
मधून कडेला, कडेकडेनं, दमानं,
फिल्म ताणत गेली, ताणत गेली,
टिचकी मारली तर टण्ण वाजली.
पिवळा रंग मी निवडलेला.
शेजारचे चौगुले म्हणाले, अस्सल हळद!
हळद नाही. हळद मला कळते,
दादा माझे मार्केट यार्डात तोलाईदार होते.
हा लिंबाचा.

मग एका रात्री म्हणाले, जरा ये, धर.
पंखाखाली पेन्सिलीची खूण,
एक बोट माझं, पलीकडे एक त्यांचं,
मध्ये सव्वादोन मीटर पिवळं.
लग्नात मध्ये अंतरपाट होता,
नंतर लेथ.
इतका वेळ समोरासमोर आम्ही
बहुतेक पहिल्यांदाच उभे होतो.
त्यांच्या डाव्या भुवईत एक केस पांढरा,
उलटा वळलेला.

शेपूट हळूच खाली गेली.
'मागं जड आहे.'
'मागं जड नाही, पुढं हलकं आहे.'
बॅटरी पुढे सरकवली. तरी तेच.
तेव्हा मी देव्हाऱ्यामागून दादांचं पितळी वजन काढलं,
शंभराचं, छाप झिजलेला.
ते नाकात बसवलं, पट्टीनं आवळलं.
पुन्हा बोटं.
काहीच झालं नाही.
तेच तर व्हायला हवं होतं.

कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर,
म्हशी हाकलून,
गॅरेजवाल्या नूरभाईंनी इंजिन चालू केलं,
आमच्या पहिल्या लुनापेक्षा पाच सीसी मोठं.
गवत झोपलं.
वर गेलं, कुशीवर वळलं, पाठीवर पडलं
आणि पाठीवरच लांब गेलं दंडोबाच्या दिशेनं.
ह्यांचे अंगठे सुपारी कातरल्यासारखे, बारीक बारीक.
'आपल्याकडे तोंड करून येतं ना,
तेव्हा डावं उजवं होतं,' म्हणाले.
मला सांगतात.

मग ते हवेत उभं राहिलं.
नाक आभाळाला, शेपूट आमच्याकडे,
जागच्या जागी,
उकळी येताना झाकण थरथरतं तसं.
नूरभाई श्वास सोडेनात.
मी बघितलं तर माझं बोट
आपोआप वर झालेलं,
खाली काहीच नसताना.

उतरताना एक चाक मोडलं.
येताना सहा आसनी रिक्षात
पंख माझ्या मांडीवर,
धडाला हे मिठी मारून.

दार अजून स्टुलांवरच आहे.
ह्यांनी लावलेलं नाही,
मीही विचारलेलं नाही.