इतर हक्क

होमराज दडमल दलाल आहे, पण बोलतो सोयऱ्यासारखा.
"घ्या जी साडेतीन एकर," म्हणे, "तीन बाजूनं जंगल,
मधात बोडी. उन्हाळ्यात सारं जनावर पाण्यावर येते.
वनरक्षक आपलाच पोरगा.
कागदावर तुम्ही शेतकरी,
आन् रातचं तुमचं तुम्ही पाह्यजा."
डोळा मिचकावला नाही त्यानं. म्हणून जास्तच कळलं.

घरी बाराबोर आहे. बापाची.
लायसन माझ्या नावावर. दर निवडणुकीत
ठाण्यात जमा होते, पावती मिळते,
परत येते तेव्हा अंगाला दुसऱ्याच तेलाचा वास.
डेपोत मी छत्तीस वर्षं गिअरबॉक्स उघडले.
बंदुकीचा चाप एकदाही ओढला नाही
हे होमराजला सांगायचं राहिलं.

मालक चिरकुटा नन्नावरे म्हणाला,
"इसाराच्या आधी एक रात जागल करून पाहा.
दिवसाची जमीन आन् रातची जमीन एक नसते."

मग आम्ही दोघं मचाणावर, एका घोंगड्यात.
खाली धान कापलेली बांधी, धुऱ्यावर तूर फुलात.
दहाच्या सुमारास बोडीकडून सळसळ.
"कानतुटी आली," तो म्हणाला. "मागं पाच असतीन.
मागच्या साली सात होते."
दोरी ओढली. पलीकडे पत्र्याचा डबा खणखणला.
डुकरीण थांबली, जुनी सून सासूचं ऐकते तसं ऐकलं,
आणि पुन्हा तुरीला लागली.

"सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना असते ना जी,
तिथं माह्या बहिणीचं नाव आहे. हिचं नाही.
पण वाटा हीच नेते.
बहीण तर दिवाळीलेही येत नाही."

मी काही बोललो नाही.
मी अंधारात नाला कुठं असेल ते पाहत होतो.
याच शिवारातला.
कायदा यायच्या दोन वर्षं आधी, मी नऊ वर्षांचा,
बापानं बॅटरी हातात दिली होती : "हालवू नोको."
उजेडाच्या टोकाला दोन हिरवे डोळे.
चितळ असावं. अजूनही नक्की नाही.
बॅटरी हालली.
बार झाला. डोळे विझले नाहीत, सरकले.
सकाळी रक्त धावड्याच्या पानांवर, मग दगडांवर,
मग नाल्याच्या वाळूत एक थेंब,
मग नुसती वाळू.
बाप उन्ह डोक्यावर येईपर्यंत शोधत राहिला.
रागावला नाही. घरी येऊन बंदूक पुसली, ट्रंकेत ठेवली,
आणि त्या आठवड्यात मला सायकल शिकवली.

साडेतीन एकराचे एकवीस लाख.
एवढ्यात उमरेडला प्लॉट येतो, मुलगी म्हणते.
म्हणते, बाबा, तुम्हाला कोंबडी कापलेली पाहवत नाही.
खरं आहे.
साठी उलटलेल्या माणसानं
वाळूत जिरलेल्या थेंबासाठी जागा घ्यावी का,
हे कोणत्या तलाठ्याला विचारायचं?

पहाटेकडे डब्याची दोरी तुटली.
चिरकुटा खाली उतरला. "बॅटरी धरा जी."
मी धरली. उजेड धुऱ्यावरून तुरीत गेला आपसूक,
आणि तिथं ते होते, दोन, मग चार, मग कितीतरी,
खात खात माझ्याकडे पाहणारे.
"इकडं धरा ना जी," चिरकुटा खालून ओरडला,
"गाठीवर. मले दिसून नाही राहिलं."

सकाळी होमराजचा फोन : इसार आणला का?
खिशात होता. एकावन्न हजार, रबरासकट.
म्हटलं, आधी मोजणी आण.
नाला हद्दीत येते
का पलीकडं राहते, तेवढं पाहू.