खवट्या

पुण्याहून ससा यायचा होता, तो आलाच नाही.
इरण्णा केबलवाला मग गल्लीत विचारत फिरला,
कुणाला बाहुली शिवता येते का बे,
रविवारी दहाला पोरांचा कार्यक्रम, जाहिरात घेऊन बसलोय.
अम्मानं मान खाली ठेवूनच हात वर केला.

रिजेक्ट टॉवेल, एका कडेनं धागा सुटलेला.
डोळ्यांना दोन बटणं, एक मोठं, एक त्याहून मोठं.
भुवया चादरीच्या काळ्या दशांच्या.
तोंड शिवताना टाका ओढला गेला
आणि ओठ जे खाली वळले ते वळलेच,
उसवायला वेळ कुठं होता.
इरण्णा म्हणाला, खवट शेंगदाणा चावल्यासारखा बघतोय की हा.
बारसं झालं.

कन्ना चौकात, सायकलच्या दुकानावर ती खोली.
पंखा बंद, कारण त्याचा आवाज यायचा.
मे महिना, दोन हॅलोजन,
टेबलावर निळी चादर, टेबलाखाली अम्मा आणि मी.
माझं काम ओला फडका देणं
आणि शिंकायचं नाही.
वर शलाकाताई साखर पेरायच्या,
"बालमित्रांनो, आज आपण सूर्यनमस्कार शिकू या!"
आणि खवट्या,
"एंदुकु? कशाला?
सोलापुरात सूर्याला आधीच काय कमी माज आहे?"

मी खालून अम्माकडं बघायचो.
हीच का ती,
दुकानदारानं पावशेर कमी दिलं तरी पिशवीची गाठ मारून येणारी?
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं
टॉवेलच्या जबड्यात अशी चालायची
जणू त्यांना आयुष्यभर हेच वळायचं होतं.
तंबाखूनं खरखरलेला आवाज
घरात चुलीच्या वर कधी गेला नव्हता.

पोस्टकार्डं यायची. खवट्या, तुला वाढदिवसाला काय देऊ?
"वाढदिवस नको. पाणी द्या.
आणि सकाळी द्या, रात्री दोनला नको."

एका रविवारी मुंगीची गोष्ट होती.
मुंगीनं दाणे आणले, मुंगी कष्टाळू, तात्पर्य ठरलेलं.
खवट्या मधेच खाकरला.
"मुंगीनं हजार आणले.
मुकादम म्हणाला, दोनशे छाट. पैसे आठशेचे.
बरं. पण छाटलेले दोनशे मुकादम कुठं नेतो?
हां ताई? कुठं नेतो?"
हे कागदावर नव्हतं.
शलाकाताई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
टेबलाखाली अम्माचं कोपर थरथरत होतं,
वर खवट्या मात्र हलला नाही.

नंतर कळलं, साखर पेठेत घराघरात
सुपावरचे हात तेवढा वेळ थांबले होते.
आणि मुकादमाचाच धाकटा
भुवया चढवून घरभर फिरत होता,
कुठं नेतो? कुठं नेतो?

सोमवारी अम्माच्या विड्यांत चारशे छाट निघाली.
ती आली, हात धुतले, भाकरी थापल्या.

इरण्णा सुई घेऊनच आला.
जाहिरातवाले म्हणतात, याला जरा हसता करा.
अम्मानं तो टाका उजेडात धरला, बराच वेळ.
"उसवला तर तोंडच फाटेल," म्हणाली.
पुढच्या रविवारी दहाला
कुठल्या तरी परदेशी उंदराची पळापळ लागली.

नळ आला तेव्हा रात्रीचे दोन.
घागरींची रांग पार बोळाच्या तोंडापर्यंत.
एक पोरगं, सात-आठ वर्षांचं, डोळ्यांत झोप,
मधेच हंडा घुसवायला लागलं.
"एंदुकु रा?
हंडा आहे का जावई, थेट पुढं बसवतोस?"

पोरगं जागच्या जागी.
अंधारात त्यानं नुसता आवाज शोधला.
"खवट्या?"

अख्खी रांग गप्प. नळ तेवढा बोलत होता.
अम्मानं पदर ओढला, इकडं तिकडं बघितलं,
मग आपली घागर पायानं बाजूला सारली.
"भर आणि पळ," म्हणाली, त्याच आवाजात,
"सकाळी शाळा तुझी आहे, माझी नाही."