सात अंगठ्यांची खिडकी

आईच्या कार्डाच्या मागे एक शिक्का आहे.
तो तिला वाचता येत नाही, मला येतो.
पाचवीत असताना मी तिला वाचून दाखवला:
काम करायला परवानगी, आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या आत.
ती म्हणाली, आत म्हणजे सत्तावीस का गं?
मी म्हटलं, अठ्ठावीस चालतात.
तरी ती सत्तावीसच धरून चालली.

बाबा स्वयंपाकी म्हणून आले, बागलुङहून थेट ओता गावात.
त्यांच्या कार्डाची मागची बाजू कोरी.
तंदूरपाशी बारा बारा तास उभे असतात,
ते कुणी मोजत नाही.
आई आली ती बाबांची बायको म्हणून,
मी त्यांची मुलगी म्हणून.
आईच्या कार्डावर पुढून लिहिलंय, काम नाही,
आणि मागून, बरं, थोडं.

रात्री दहाला ती सायकल काढते.
आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटतो,
कधी कधी उतरून सायकल ढकलत न्यावी लागते.
(ढकलण्याचा वेळ धरत नाहीत.)
कारखान्यात पट्ट्यावरून भाताचे डबे सरकत येतात
आणि आई प्रत्येक भातावर एक उमेबोशी ठेवते.
मधोमध.
जरा चुकलं तर पलीकडची ब्राझीलची म्हातारी
मान वर न करता बोटानं सरकवते.

इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाई एकदा म्हणाल्या,
तिरुकुमारी-सान, आठवडा सोमवारी सुरू होतो असं समजू नका.
कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजा,
बेरीज अठ्ठावीसच्या वर जाता कामा नये.
मी भाषांतर केलं. आई बसमध्ये गप्प.
घरी चपला काढताना म्हणाली,
म्हणजे रोजच सोमवार.

मग तिनं बाबांच्या हॉटेलातून
बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणला,
स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला.
एक दिवस एक अंगठा रुंद.
साडेचार. साडेचार. सुट्टी. पाच.
मी कॉर्नफ्लेक्सच्या पुठ्ठ्यात सात अंगठ्यांची खिडकी कापली.
ती रोज सकाळी खिडकी एक घर पुढे सरकवते,
आत दिसेल त्याची बेरीज करते, नेपाळीत, ओठ हलवत,
आणि मगच झोपते.

डिसेंबरच्या अखेरीस नववर्षाच्या डब्यांची गर्दी.
कुसाकाबे-सान हात जोडून म्हणाले, फक्त आजची रात्र.
आईला नाही म्हणता आलं नाही.
बुधवार ते मंगळवार: एकोणतीस.
तिनं खिडकी मागे सरकवली, पुढे सरकवली.
पुढे अठ्ठावीस, मागे सव्वीस,
मध्येच तेवढा तो एक.
दुसऱ्या दिवशी ती पगारातला तासाचा पैसा परत द्यायला गेली.
कुसाकाबे-सान कमरेतून वाकले,
पण तास परत घेण्याचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता.

मार्चमध्ये कार्डाचं नूतनीकरण.
त्या आठवड्यांत आई रविवारी बाबांच्या हॉटेलात बसून
लसूण सोलायची, फुकट, टोपलीभर.
मी विचारलं, हा तास धरायचा का?
ती म्हणाली, हळू बोल.
हे म्हणाली तेव्हा हॉटेलात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं.

पोस्टकार्ड आलं. नवं कार्ड मिळालं.
त्या एका तासाबद्दल कुणी विचारलं नाही,
पाहिला की नाही तेही कळलं नाही.
आईनं मात्र रोलवरच्या त्या बुधवाराला
अजून टाचणी लावून ठेवली आहे.

परवा मला सतरा पूर्ण झाली.
स्टेशनजवळच्या दुकानात संध्याकाळचं काम आहे, म्हणून मीही अर्ज केला,
माझ्याही कार्डामागे शिक्का पडला,
तेच वाक्य, शाई थोडी गडद.
आईनं काही न बोलता दारामागचा रोल उतरवला,
कोरा भाग फाडून मला दिला,
पुठ्ठा आणला, कात्री आणली.
मग म्हणाली, हात पुढे कर,
आणि माझा अंगठा कागदावर टेकवून, पेन्सिलीनं खूण करत
सात वेळा मोजला.
माझा अंगठा तिच्यापेक्षा बारीक निघाला.
ती म्हणाली, चालेल, खिडकी लहान करू.