लसूण घालण्याआधी

लसूण घालण्याआधी तुझा वाटा काढून ठेवते, बोलोता,
हाताला आता सवयच झालीय.
कोथिंबीर धुते, जून देठं खुडते,
दगडी खलात आधी नुसती तीच कुटते.
मीठ नाही, काही नाही,
फक्त हिरवा वास.
त्यातली अर्धी तुझ्या पत्र्याच्या थाळीत,
वर शिळ्या पावाचे तुकडे, एक अंडं,
कोंबडी उकडलेलं पाणी, कोमट.
मग माझ्या अर्ध्यावर चार पाकळ्या लसूण, जाडं मीठ,
आणि बत्ता असा हाणते
की पलीकडून फेलिश्मिना ओरडते,
"भिंत पाडतेस का गं?"

कुश्तोदियु असले वाटे काढायचा नाही.
त्याच्या ताटातलं ते तुझं, एवढंच त्याला ठाऊक.
अलेन्तेजूच्या या उघड्या रानात
तीस वर्षं मेंढरांमागे चाललेला माणूस,
कुत्रीला काय चालतं नि काय नाही
हे त्याला कोण शिकवणार!
ग्वादियानाच्या काठचा रानपुदिना
मूठ भरून आणायचा,
थोडा मासळीच्या रश्श्यात,
उरलेला तुझ्या मानेवर खसाखसा, पिसवांसाठी.
पिसवा काही जायच्या नाहीत.
तुम्ही दोघं मात्र आठवडाभर सारखेच घमघमायचात
आणि मी दोघांनाही दाराबाहेर बसवायची.

सेर्पाहून गुरांची डॉक्टरीण आली, पोरसवदा,
नखांना निळा रंग.
तिनं फटाफट सांगून टाकलं:
लसूण बंद, कांदा बंद,
आणि तो रानपुदिना तर विषच,
मानेवरसुद्धा नको, ती अंग चाटते.
हवी तर चिमूटभर रोझमेरी घाला,
बडीशेपेचा पाला पोटाला बरा.
कुश्तोदियु हसला, "इतकी वर्षं मेली नाही ती."
"तिचं नशीब," म्हणाली डॉक्टरीण,
आणि पावती फाडली.
त्या रात्री तो काही बोलला नाही.
आढ्याला वाळत टांगलेली पुदिन्याची जुडी काढली,
कुंपणापलीकडे भिरकावली,
आणि हात साबणानं दोनदा धुतले.
त्याला मी कधी दोनदा हात धुताना पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत तो गेला.
तू तोंडाला काही लावेनास.
काळीज उकडून घातलं, तांदूळ घातला,
फेलिश्मिनानं डुकराचं हाड आणून दिलं.
तू नाक फिरवून त्याच्या बुटांपाशी पडून राहिलीस.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
मी रडायचं, की थाळी घेऊन तुझ्यामागे हिंडायचं?

दहाव्या दिवशी
मी माझ्यापुरती कोथिंबीर कुटत होते.
नुसती कोथिंबीर. लसूण सोलायचं त्राण नव्हतं.
तू उठलीस, धडपडत आलीस
आणि माझी बोटं चाटत सुटलीस,
एकेक करून, पार करंगळीपर्यंत.

त्याच्या बोटांना हाच वास असायचा.
इतकी वर्षं मी म्हणत आले,
जेवायच्या आधी हात धुवून ये.

परवा माझ्या डॉक्टरनं माझंही मीठ तोडलं.
म्हणजे आता तुझ्यामाझ्यात फरक उरला
तो चार पाकळ्यांचा,
आणि तेवढा मी सोडणार नाही,
उगाच लाडात येऊ नकोस.

कोथिंबिरीला फुलं आलीत,
थोड्या दिवसांत धणे धरतील.
वाफ्याच्या बरोब्बर मधोमध खड्डा करून तू झोपतेस,
तिथं काही उगवत नाही.
कडेकडेनं येतं ते आपल्याला पुरतं.
ऊन उतरलं की
कानांना, पोटाला पानं चिकटवून येतेस
आणि दाराशी थबकतेस,
जुनी शिस्त.

ये आत.
बाहेर बसून एकटी काय करशील.