निरीक्षण विहीर क्रमांक चौदा

इबरीच्या नगरपालिकेत तिसरी खिडकी माझी.
अर्ज, मंजुरी, इमारत, रक्कम, तारीख...
पहिल्याच आठवड्यात कळलं,
कचेरीपुरती अरबी मी हर्णैहूनच घेऊन आलोय.
फक्त पाण्याला इथे माय म्हणतात.
त्या शब्दापाशी मी अजून अडखळतो.

बांधकामाच्या प्रत्येक अर्जामागे पंचवीस रियाल,
वेगळ्या रकान्यात, हिरव्या शिक्क्याचे:
भूजल निधी.
त्यातून विहिरींची कुलपं, टेपचे सेल, जीपचं डिझेल
आणि माझा अर्धा पगार.
सकाळी मी खिडकीत बसून घरांना हो म्हणतो,
दुपारनंतर माळावर जाऊन
त्या होकाराची खोली मोजतो.

हिलाल बिन नासिर आला तेव्हा
नकाशावर दोन मजले, सात खोल्या,
मागे एक निळा चौकोन, पोहायचा तलाव.
पंचवीस रियाल बघून हसला.
"माझा आजा फलजचा वकील होता, मुश्ताक."
मी म्हटलं, कुणाच्या बाजूनं?
मग त्यानं खुर्ची ओढली.
वकील म्हणजे कोर्टातला नव्हे,
डोंगराच्या पोटातून खजुरांपर्यंत येणाऱ्या पाटाचा कारभारी.
काठीच्या सावलीवर अर्धा अर्धा तास मोजून पाणी वाटायचा.
त्यातली एक पाळी कुणाचीच नसे,
ती पाटाची स्वतःची.
तिचा लिलाव व्हायचा,
आलेल्या पैशांत बोगद्यातला गाळ निघायचा, भेगा बुजायच्या.
"पाणी आपला खर्च आपण भागवायचं.
कुणाच्या खिडकीशी उभं राहत नव्हतं."

तो पाट अकरा वर्षं कोरडा आहे.
त्याला माहीत, मला माहीत.
त्यानं नोटा मोजल्या. मी पावती फाडली.

चौदा नंबरची विहीर त्याच्या प्लॉटला लागून.
झाकण उघडायचं, टेप सोडत जायची,
झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकाशी
बोट धरून बघतात तसं,
टोक पाण्याला लागेपर्यंत आपलाच श्वास धरायचा.
मग एक बारीक बीप.
मार्च: एकेचाळीस मीटर वीस.
जून: एकेचाळीस अठ्ठेचाळीस.
हिलालचा तलाव भरला त्या आठवड्यात
बेचाळीस पाच.

वर्षअखेरीला हिशेबनीस जुवैना खूश होती,
निधी दुप्पट झाला!
मी माझी वही तिच्या वहीशेजारी ठेवली.
चहा निवून गेला,
ती एकदा या पानाकडे, एकदा त्या पानाकडे.
"म्हणजे अर्ज थांबले तर?"
तर बाई, मी थांबेन.

आणि थांबलेच. तेलाचा भाव पडला,
तीन महिने एक नकाशा आला नाही.
काँक्रीटवर पाणी मारणारे टँकर
पेट्रोलपंपामागे रांगेत, चाकांना वाळू.
जीपची किल्ली वरच्या साहेबांकडे जमा.
नोंदी पुढील आदेशापर्यंत बंद.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर
हिलालचा पिकअप माझ्या खोलीखाली उभा.
"चल," एवढंच.
टॉर्च त्यानं धरला, ऊन असून.
मी टेप सोडत गेलो, त्याचे ओठ हलत होते,
मोजत होता की दुआ, मी विचारलं नाही.
बीप.
एकेचाळीस नव्वद.

"काय?"
माय, म्हटलं, वर आलीय.
पहिल्यांदाच तो शब्द तोंडातून न अडखळता गेला.
तो गुडघ्यांवर बसून अंधारात बघत राहिला,
मग म्हणाला, तलाव या उन्हाळ्यात भरत नाही.
पुढल्या उन्हाळ्याचं तो काही बोलला नाही.

रात्री वहीत नोंद केली.
खर्चाच्या रकान्यात लिहिलं:
पेट्रोल, दोन रियाल, हिलालकडून.
शिक्क्याची जागा कोरी.