ट्रँगल

गोथेनबर्ग, नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेले.
टोर्गनी दुकानात आला. सगळी उमेद गोदीत पत्रे ठोकण्यात गेलेली.
सोबत लेक, इल्वा. कोटाच्या खिशात घरची सीडी.
"तुझी गाणी नकोत," म्हणाला,
"दुकानदाराच्या गाण्यांवर सगळेच गोड वाजतात."

खरं होतं. मी गप्प बसलो.

पहिला हेडफोन : "बास नुसता ढेकर देतोय."
दुसरा : "गाणारी बाई बादलीत बसलीय."
तिसरा उघड्या जाळीचा. तो चढवला
आणि त्याचे खांदे उतरले.
कॉन्ट्राबासच्या तारेवरून घसरणारं बोट ऐकलं त्यानं,
लाकूड ऐकलं,
वादकानं नाकातून ओढलेला श्वास.
"ही खुर्ची कुरकुरतेय," तो ओरडलाच जवळजवळ,
"इतकी वर्षं नव्हती या तबकडीत!"

मग शेवट. मी खूण केली : आता ट्रँगल.
तो वाट पाहत राहिला.
मी आवाज वाढवला. तो वाट पाहत राहिला.
"याहून महाग काही आहे?"
होता. दुप्पट किमतीचा, काचेच्या कपाटात.
किल्ली माझ्याच खिशात. हात गेला नाही.

इल्वानं हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावला,
तेवढाच शेवट पुन्हा लावायला सांगितला
आणि तर्जनी हवेत उभी धरली.
नाद विरेल तशी ती खाली आणू लागली,
सावकाश,
तेल संपत आलेल्या वातीसारखी.

टोर्गनी बोटाकडे बघत होता.
ते टेबलाला टेकल्यावर म्हणाला,
"एवढा वेळ?"