आताच्या नकाशाप्रमाणे

फेब्रुवारी सरता सरताच पारडीत ऊन टोचायला लागतं.
गळ्यात ओळखपत्र, बगलेत फॉर्मांचा गठ्ठा,
पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा आणि गेरूचा तुकडा.
मी माणसं मोजून राहिले.

कळमन्याच्या रस्त्याला सात मजल्यांची एक इमारत
अजून भिंतींवाचून उभी आहे.
तिच्या पोटात चौदा चुली,
दुर्गच्या, बालोदच्या, राजनांदगावच्या.
"इथे किती वर्षांपासून?"
फिरतूराम वर्षं मोजत नाही, इमारती मोजतो:
मनीषनगरची, मग बेसाची,
मग जामठ्याकडची, जिथं भाऊ पडला,
मग ही.
मी चार इमारतींची नऊ वर्षं करते.
भावासाठी रकाना नाही.

त्याची बायको दुकलहीन, दिवस भरत आलेले,
विटेवर वीट रचून मला बसायला जागा करते.
स्थलांतराचं कारण?
काम, व्यापार, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत, इतर.
ती हसते. "धान नइ होइस, त आ गेन."
मी 'काम'वर गोल करते.

समोरच्या फ्लॅटमधले खापेकर चहा देतात.
"लिहा ना मॅडम, बाहेरचे किती वाढले ते!
सारं नागपूर भरून राहिलं बाप्पा."
तुमचे वडील कुठले?
"मुलताईचे. पण ते वेगळं ना जी."

वरच्या मजल्यावर टहलराम, वय चौऱ्याऐंशी,
जरीपटका सोडून लेकीकडे राहायला आलेले.
त्यांनी गावाचं नाव सांगितलं, शिकारपूर.
देशाचं मलाच लिहावं लागलं.

आपलं घर मी शेवटी ठेवलं होतं.
सासूबाई, जन्म?
"सौंसर. सकाळी मोटरनं निघालो,
दुपारी इथं पंगत. मधात नाका नाही, पाटी नाही.
एकच राज्य होतं, अन् राजधानी इथंच."
पर्यवेक्षकांना फोन लावला.
"आताच्या नकाशाप्रमाणे लिहा, मॅडम."
लिहिलं: परराज्य.
"मी कुठं गेली व," त्या म्हणाल्या,
"हद्दच सरकली अन् मले सांगून नाही गेली."
कारण: लग्न.
खाली माझंही तेच. मी आर्वीची, पण नकाशात बसते.

अठ्ठावीसच्या रात्री बेघरांची मोजणी.
स्टेशनच्या पुलाखाली, टॉर्च हाताआड धरून.
डोकी पांघरुणात असतात, पाय मोजा, असं सांगितलेलं.
एका चादरीतून पाच पाय निघाले.
मी थांबले.
सहावा एका लेकरानं पोटाशी ओढला होता.
कुणाला उठवून विचारायचं, बाबा, तुझं गाव कोणतं?
मी नाही विचारलं.
त्या पानावर माझ्या अक्षरात खोटं आहे थोडं.

चार मार्चला उजळणीची फेरी.
दुकलहीन मेयोतून परत आलेली.
मुलगी. एक तारखेला, पहाटे साडेचारला.
शून्य तास उलटून गेला होता,
म्हणजे ती धरता येत नाही.
नाव?
"अभी नइ धरे हन."

फिरतूराम म्हणाला, पावसाच्या आत प्लास्टर होईल,
मग वाठोडा.
वर लिफ्टच्या खड्ड्याशी कोणी तरी सळई कापत होतं.
सिमेंटच्या पोत्याच्या झोळीत ती झोपलेली,
दोन्ही पाय बाहेर.

मोजायचे नव्हते.